उत्तरेचे दिवे, ध्रुवीय ज्योती की अरोरा?

सांगलीच्या विश्रामबागेतल्या एका काकूंनी विचारलंय. त्यांचा नातू म्युनिकला शिकतो. १० मे २०२४च्या रात्री त्यानं गच्चीवरून फोटो पाठवले: तांबडं-गुलाबी आभाळ, खाली हिरवट कड. ध्रुवांकडच्या आभाळात रात्री उमटणारा हा रंगीत उजेड, इंग्रजीत ‘नॉर्दर्न लाइट्स’. काकूंनी ज्येष्ठ नागरिकांच्या अंकासाठी त्यावर टिपण लिहिलं आणि मथळा दिला ‘उत्तरेचे दिवे’. संपादकांनी तो खोडून ‘ध्रुवीय ज्योती’ केला. नातू म्हणतो, ‘आजी, सरळ अरोरा लिही.’ तर बरोबर काय? आणि अरोरा दिसला की दिसली?

काकू, ‘दिवे’ गेले ते बरंच झालं. मराठीत दिवा म्हटला की त्याला वात हवी, नाहीतर बटण. ‘नॉर्दर्न लाइट्स’मधल्या लाइट्स म्हणजे दिवे नव्हेत, तो नुसता उजेड; आणि उजेडाचं अनेकवचन आपण करत नाही. इंग्रजी नाव जसंच्या तसं ठेवलं तरी पंचाईत आहेच, कारण आपली लाइट स्त्रीलिंगी. ती जाते, येते, आणि गणपतीत तिच्या लाइटी होतात. ‘म्युनिकला लाइटी दिसल्या’ असं कुणी वाचलं तर मांडवच डोळ्यांपुढं यायचा.

‘ध्रुवीय ज्योती’ चूक नाही, हिंदीत तो नेहमीचा शब्द आहे. मराठीत मात्र ज्योत म्हणजे एका जागी तेवणारी, समईतली. आभाळभर पसरलेल्या, हलत्या उजेडाला ती तोकडी पडते. मी ‘ध्रुवीय प्रकाश’ लिहितो. त्यातही एक खोट आहे: तो ध्रुवावरच दिसतो असं वाटतं. खरं तर चुंबकीय ध्रुवांभोवती त्याचं कडं असतं, आणि सूर्याकडून विद्युतभारित कणांचा मोठा लोट आला की ते कडं विषुववृत्ताकडं पसरतं. त्या मे महिन्यात पाच पायऱ्यांच्या मोजपट्टीवरचं सर्वांत वरचं, जी-५ दर्जाचं भूचुंबकीय वादळ (म्हणजे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रातली मोठी खळबळ) झालं, म्हणून ४८ अंश अक्षांशावरच्या म्युनिकलाही दर्शन घडलं.

आता अरोराची गंमत. अरोरा ही रोमन लोकांची पहाटेची देवी, आणि आपल्या उषेची भाषेच्या नात्यानं सख्खी बहीण; दोन्ही नावं एकाच मूळ धातूतून आली. ‘अरोरा बोरिॲलिस’ म्हणजे उत्तरेची पहाट. हे नाव नॉर्वेतल्या कोळ्यांनी दिलेलं नाही. सतराव्या शतकाच्या आरंभी इटली-फ्रान्सकडच्या विद्वानांच्या लिखाणातून ते रूढ झालं, गॅलिलिओ त्यांतलाच. त्यांच्या अक्षांशावरून उत्तरेच्या क्षितिजाशी जी लाली दिसे, ती भलत्याच दिशेला उजाडल्यासारखी वाटे. म्हणजे नातवानं जिथून पाहिलं, साधारण तशाच ठिकाणाहून पाहणाऱ्यांनी ठेवलेलं हे नाव आहे. आपण पहाटेला काय म्हणतो? तांबडं फुटलं. मग मथळा ‘उत्तरेला तांबडं फुटलं’ असा का नको? मला तरी तो तिन्हींपेक्षा आवडतो.

तांबडंच का, तेही सांगतो. सुमारे २०० किलोमीटरच्या वर हवा इतकी विरळ असते की वरून आलेल्या कणांच्या धडकेनं चेतलेल्या ऑक्सिजनच्या अणूला जवळजवळ दोन मिनिटं निवांत मिळतात, आणि मग तो तांबडा उजेड सोडतो. खाली, शंभर-दीडशे किलोमीटरवर, तेवढ्या वेळात त्याला कुणीतरी धडकतंच. तिथं झटपट सुटणारा हिरवा रंग जिंकतो. ४०० किलोमीटर उंचीवरचा तांबडा माथा सुमारे २,२०० किलोमीटरवरूनही क्षितिजाला टेकलेला दिसू शकतो. खालचा हिरवा भाग पृथ्वीच्या गोलाईआड जातो. मे २०२४मध्ये लडाखमधल्या हानले इथल्या वेधशाळेच्या कॅमेऱ्यांनी टिपली ती लालीच.

सांगली १७ अंशांच्याही खाली, म्हणून आपल्याला काही नाही. मुंबईपर्यंत मजल गेल्याची नोंद आहे ती ४ फेब्रुवारी १८७२च्या वादळाची. त्याआधी १८५९च्या वादळात कुलाब्याच्या वेधशाळेत पृथ्वीचं चुंबकत्व मोजणाऱ्या उपकरणाचा आकडा असा काही खाली गेला की जगभरचे अभ्यासक आजही ती नोंद उघडतात.

संस्कृतातला ‘दिग्दाह’ही कुणीतरी सुचवेलच. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत दिग्दाहावर अख्खा अध्याय आहे: दिशा पेटल्यासारखी दिसणं आणि रंगाप्रमाणे त्याचं शुभाशुभ फळ. शब्द देखणा आहे. पण त्यावरून ‘आपल्या पूर्वजांना अरोरा ठाऊक होता’ अशी उडी मारू नका. क्षितिज तांबडं व्हायला कारणं पुष्कळ. वाळवा-पलूसकडं ऊस तुटल्यावर रात्री पाचट पेटवतात, तेव्हा दोन गावं पलीकडूनही आभाळ तांबडं दिसतं आणि म्हातारी माणसं ‘कुणाचा फड पेटलाय का बघा’ म्हणतात. तोही दिग्दाहच म्हणायचा.

क्रियापदाकडंही लक्ष द्या. अंधारात आपल्या डोळ्याला तांबडा रंग नीट कळत नाही. मोबाइल मात्र काही सेकंद उजेड साठवतो. नातवाला विचारा, डोळ्यांनी नुसती राखाडी झाक दिसली होती का? तसं असेल तर ‘तांबडा प्रकाश दिसला’ लिहू नका, ‘फोटोत आला’ लिहा.

राहिलं लिंग. कॅमेरा, सोफा, पिझ्झा यांच्या रांगेत बसवला तर तो अरोरा. उषा-प्रभेच्या रांगेत बसवली तर ती. बोलण्यात पुल्लिंगच जास्त कानावर येतं, तेच ठेवा. फक्त कॅमेऱ्याचा, सोफ्याचा या चालीवर ‘अरोऱ्याचा फोटो’ करू नका. ‘अरोराचा’ लिहा, आणि आधीच्या वाक्यात आभाळाचा उल्लेख येऊ द्या, नाहीतर अंक वाचणारे विचारतील, हे पंजाबी गृहस्थ कोण?