मुलगा वर्गात लक्ष देत नाही? आधी त्याच्या खुर्चीत बसून बघा

"मॅडम, घरी तासभर ब्लॉक्स जोडत बसतो आणि वर्गात म्हणे दोन मिनिटं टिकत नाही, हे एडीएचडी तर नाही ना?" हा प्रश्न मला दर महिन्याला तीन-चार पालकांकडून तरी येतोच, शब्द इकडचे तिकडे पण काळजी तीच. म्हणून एक केस जरा सविस्तर लिहिते, ओळख पटेल असं सगळं काढून टाकलंय.

मुलगा दुसरीतला, साडेसात वर्षांचा. तीन महिन्यांत डायरीत ११ शेरे, सगळे लाल पेनाने. लक्ष देत नाही, खिडकीबाहेर बघतो, प्रश्न विचारला की गप्प. आई डायरी घेऊन आली होती पण उघडून दाखवलीच नाही, मिटूनच मांडीवर धरून बसली आणि शेरे तारखेसकट तोंडपाठ सांगितले. बाबा मध्येच म्हणाले, "मी पण असाच होतो", त्यावर आईने त्यांच्याकडे असं काही बघितलं की पुढचा अर्धा तास ते बोललेच नाहीत.

एडीएचडीचं, म्हणजे लक्ष न टिकणं आणि अतिचंचलता या विकाराचं, आधी सांगून टाकते कारण बहुतेकजण तिथेच अडकतात. ते निदान शाळेतून आलेल्या एका तक्रारीवर होत नाही. लक्षणं किमान ६ महिने टिकलेली लागतात, वयाच्या १२ वर्षांच्या आत सुरू झालेली लागतात, आणि घर, शाळा, खेळाचं मैदान अशा किमान दोन ठिकाणी दिसावी लागतात. आणि हो, आवडत्या खेळात तासभर रमतो म्हणून एडीएचडी नाहीच असंही नसतं हां, ती मुलंही आवडीच्या गोष्टीत रमतात. त्यामुळे मी नावडत्या कामांचं विचारलं. दप्तर भरणं, पाढे, खोली आवरणं. कुरकुर करत का होईना, वयाच्या मानाने सगळं ठीक चाललं होतं. डोळे आणि कान तपासून आणायला सांगितले, दोन्ही नॉर्मल.

मग मी माती खाल्ली. लक्ष वाढवायचे व्यायाम लिहून दिले, घरी रोज १५ मिनिटं करायला. तीन आठवडे आईने इमानेइतबारे करून घेतले, मुलाला ते जाम आवडले, आणि शाळेतून बारावा शेरा आला. ज्या घरात प्रॉब्लेमच नव्हता तिथे मी उपाय करत बसले होते.

शेवटी शाळेची परवानगी काढून वर्गात गेले. आमची नेहमीची पद्धत म्हणजे मागे भिंतीला टेकून उभं राहायचं आणि मुलाकडे बघत टिपणं काढायची. पण त्या दिवशी तो नेमका गैरहजर, खुर्ची रिकामी, आणि माझे पाय दुखत होते, म्हणून तिथेच बसले. निव्वळ योगायोग.

शेवटून दुसरी रांग, खिडकीला लागून. गुडघे जवळजवळ हनुवटीला. समोर बघते तर फळ्याचा डावीकडचा मोठा तुकडा उन्हाच्या चकाकीने पांढराफटक, आणि बाई नेमक्या तिथूनच लिहायला सुरुवात करत होत्या. डोक्यावरचा पंखा टक-टक-टक. आणि फळा नि माझ्या मध्ये दोरीला लटकवलेले सात कागदी मासे, पंख्याच्या वाऱ्याने सावकाश गोल फिरतायत. त्यातल्या एका माशाचा एका बाजूचा डोळा निघून पडलेला, म्हणजे तो वळला की आंधळा, परत वळला की डोळस. मी चाळिशी ओलांडलेली बाई, हातात वही, निरीक्षणासाठी मुद्दाम गेलेली, आणि तो डोळा आता परत कधी येतो याची वाट बघत बसले. वजाबाकीत हातचा कधी घेतला ते मला कळलंच नाही.

हसू नका, यावर अभ्यास झालेला आहे. कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात बालवर्गातल्या २४ मुलांना विज्ञानाचे सहा छोटे पाठ शिकवले, काही भरपूर सजवलेल्या खोलीत, काही जवळजवळ कोऱ्या भिंतींच्या खोलीत. सजवलेल्या खोलीत मुलांचा ३८.६ टक्के वेळ भलतीकडे गेला, कोऱ्या खोलीत २८.४ टक्के. नंतरच्या चाचणीत बरोबर उत्तरं सजवलेल्या खोलीतल्या पाठांवर ४२ टक्के आणि कोऱ्या खोलीतल्या पाठांवर ५५ टक्के. प्रयोग लहान होता, त्यावरून सगळ्या भिंती खरवडून काढा असं कुणी म्हणू नये, पण फळ्याच्या दिशेला काय लटकतंय ते तरी बघायला हवं ना.

पंख्याचंही तसंच. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९९ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये शिकवणं चालू असताना वर्गातला आजूबाजूचा गोंगाट ३५ डेसिबलच्या वर नसावा असं आहे, म्हणजे जवळजवळ कुजबुजीएवढा. आपण मोठी माणसं अर्धवट ऐकू आलेला शब्द संदर्भावरून भरून काढतो, सात वर्षांच्या मुलाकडे तेवढा शब्दसाठाच नसतो, त्याचं वाक्य तिथेच तुटतं आणि एकदा तुटलं की तो खिडकीबाहेर जातो.

दुसऱ्या दिवशी मुलगा आला होता. मी त्याच्या तिरकं मागे. बाईंनी विचारलं, "त्रेसष्टमधून सतरा गेले किती?" आणि त्याचं नाव घेतलं. तो उठला, खालचा ओठ हलला, उजव्या हाताचं बोट मांडीवर काहीतरी मोजायला लागलं, तेवढ्यात बाई म्हणाल्या, "बस खाली, कोण सांगेल?" आणि सहा हात वर. मी वहीत मोजायला लागले. बाई प्रश्न विचारल्यावर एक सेकंद, फार तर दीड सेकंद थांबत होत्या. दोष त्यांचा एकटीचा नाही, सगळीकडे असंच चालतं. मेरी बड रोव या संशोधिकेने १९७० च्या दशकात वर्गातल्या टेप ऐकून हेच मोजलं होतं, सरासरी एक सेकंद. तेच शिक्षक तीन सेकंद किंवा जास्त थांबायला लागले तर उत्तरं लांब झाली, "माहीत नाही" कमी झालं आणि एरवी गप्प असणारी मुलं बोलायला लागली.

आता खरी अवघड गोष्ट म्हणजे हे बाईंना सांगणं. मी फक्त माशांचा विषय काढला आणि त्यांचा चेहरा पडला. "सुट्टीत घरी बसून कापलेत मी ते. चाळीस मुलं आहेत, एकेकासाठी किती थांबू? पोर्शन कोण पूर्ण करणार?" बरोबरच होतं त्यांचं. बाहेरून कुणीतरी येतं, दोन दिवस बसतं आणि चुका काढून जातं, मला तरी आवडलं असतं का? मी आकडेबिकडे सगळे गिळले आणि म्हटलं, शाळा सुटल्यावर पाच मिनिटं त्याच्या खुर्चीत बसाल का. बसल्या. थोडा वेळ काहीच बोलल्या नाहीत. मग, "अगं बाई, इथून फळा असा दिसतो?"

पुढचं जवळजवळ सगळं त्यांनीच केलं. मी मासे काढा म्हणणार होते, त्यांनी ते मागच्या भिंतीवर हलवले, म्हणजे मुलांचे मासेही राहिले आणि फळाही मोकळा झाला. पुढच्या भिंतीवर फक्त त्या आठवड्यात चालू असलेला तक्ता. खिडकीला पडदा लागला. पंखा दुरुस्त व्हायला महिना लागला, त्यावर न बोललेलं बरं. आपापलं लिहायचं काम असेल तेव्हा रांगा, एकमेकांशी बोलून करायचं असेल तेव्हा बाकं जोडून गट, आणि दर १५ दिवसांनी जागा बदलायच्या म्हणजे कोपरा कायमचा कुणाच्याच वाट्याला नको. प्रश्न आधी, नाव नंतर, कारण नाव आधी घेतलं की बाकीच्या ३९ जणांना सुट्टी. मधले तीन सेकंद त्या पाठीमागे हात धरून बोटांवर मोजायच्या, सुरुवातीला त्यांनाच ते इतके लांब वाटायचे की दोनवर बोलून जायच्या.

दीड महिन्याने परत गेले. तो अजूनही खिडकीबाहेर बघत होता, पण विचारलं की परत येत होता. उठला, बोट मांडीवर, एक, दोन, तीन, "छत्तीस". चुकलं होतं. बाई म्हणाल्या, "कसं काढलंस?" आणि सांगता सांगता त्याचं त्यालाच कळलं की हातचा घेतला पण दहाच्या घरात एक जास्तच कमी केला. गंमत म्हणजे वर्गात आणखी दोन मुली बोलायला लागल्या होत्या ज्यांच्याबद्दल कधी कुणी तक्रारच केली नव्हती, गप्प मुलींच्या डायरीत कोण कशाला शेरा लिहितंय. त्याचं लिहिणं मात्र अजून फारच हळू आहे, त्यासाठी वेगळी तपासणी सुचवलीय, ते काही पडद्याने सुटणार नाही.

तुमच्याही घरी अशी डायरी येत असेल तर टीचरना भेटताना "तुमच्या वर्गात" अशी सुरुवात करू नका, "तो बसतो कुठे, तिथून त्याला फळा दिसतो का" एवढंच विचारा. आणि त्याआधी मुलाला सांगा, तू बसतोस तिथून समोर काय काय दिसतं ते काढून दाखव. मी आता पहिल्याच भेटीत हे करून घेते आणि चित्र नीट बघते. नीट बघते म्हणायचं कारण, ही केस बंद करताना मी फाइल चाळली तर पहिल्या भेटीत मी सहज म्हणून त्याला "तुझा वर्ग काढ" म्हटलं होतं तो कागद सापडला. कोपऱ्यात छोटासा फळा, अर्धा कोरा. बाकी पानभर सात मासे, त्यातल्या एकाला डोळा नाही. आणि खाली माझ्याच अक्षरात, "कल्पनाशक्ती छान. सांगितलेला विषय सोडून काढतो."