दुपारी बाराची गोळी आणि दोनचा पेपर

तुझं पत्र चार पानांचं आहे आणि मधेच तीन वेळा "सॉरी मॅडम, विषय भरकटला" असं लिहिलंयस, त्याचं सॉरी अजिबात नको. वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते. ही मुलगी बार्शीची, लातूरला हॉस्टेलवर राहून 'नीट', म्हणजे मेडिकलची प्रवेश परीक्षा, रिपीट करतेय, चार महिन्यांपूर्वी सायकिॲट्रिस्टनी एडीएचडीचं, म्हणजे लक्ष एका जागी न टिकण्याच्या त्रासाचं, निदान केलं आणि त्यावरचं मिथाइलफेनिडेट हे औषध सुरू केलं, सकाळी ७ ला एक आणि दुपारी १२ ला एक, दोन्ही कमी वेळ चालणाऱ्या गोळ्या. अभ्यासात फरक पडलाय पण जेवण तुटलंय, झोप बिघडलीय, रूममेट गोळी मागतेय, बाबा म्हणतात "गोळ्या खाऊन डॉक्टर होणार का?", आणि शेवटी तिने विचारलंय की गोळी घेऊन मिळालेले मार्क माझे म्हणायचे का.

त्या शेवटच्या प्रश्नापासूनच सुरू करते कारण बाकीचे सगळे प्रश्न त्याच्या पोटात आहेत. हो, मार्क तुझेच. मेंदूत डोपामिन आणि नॉरॲड्रेनलिन नावाची रसायनं असतात, लक्ष एका जागी धरून ठेवायला ती लागतात, ही गोळी ती जरा जास्त वेळ कामावर ठेवते, बस. गोळीला मेंडेलचे नियम येत नाहीत, ते तूच पाठ केलेस. दहावीला ९२ टक्के होते आणि अकरावीत सगळं कोसळलं असं तू लिहिलंयस, हे मी कितीतरी मुलींच्या बाबतीत बघितलंय. वर्गात उड्या मारणारा मुलगा लगेच नजरेत येतो, खिडकीबाहेर बघत शांत बसलेली मुलगी "गुणाची पण जरा वेंधळी" ठरते आणि हुशारीवर दहावीपर्यंत निभावून नेते, मग अभ्यास डोंगराएवढा झाला की हुशारी पुरत नाही. सुरुवातीच्या वर्षांत मी स्वतः अशा मुलींना "टाइमटेबल कर, मन लाव" एवढंच सांगून घरी पाठवलंय, त्याचं मला आजही वाईट वाटतं.

आता दिवसाचं बघू, कारण तुझी खरी गडबड तिथे आहे. गोळी चढायला साधारण अर्धा-पाऊण तास लागतो आणि ती साडेतीन-चार तास चालते. आणि ती चढताना तुझ्या समोर जे असेल त्यालाच मन चिकटतं! तू लिहिलंयस की सकाळी गोळी घेऊन "थोडा वेळ" मोबाइल बघते आणि मग दहा वाजतात, त्याचं कारण हेच. त्यामुळे रात्रीच उद्याचं पहिलं काम कागदावर लिहून ठेव, "फिजिक्स" असं मोघम नको, "रोटेशनल मोशन, गणितं १ ते १५" असं, पुस्तक त्याच पानावर उघडं ठेव, मोबाइल मेट्रनकडे नाहीतर कपाटात, आणि नाश्ता करून गोळी घेतली की लगेच टेबलावर बस, चढायची वाट बघत बसू नकोस. पहिली वीस मिनिटं कंटाळवाणी जातील, जाऊ देत.

नाश्ता करून, हे मुद्दाम म्हणतेय. या औषधाने भूक मरते, मेसमध्ये एक वाजता तुला ताट नकोसं वाटतं ते त्यामुळेच. मग सकाळी सातच्या आधी पोटभर खायचं, आणि संध्याकाळी भूक परत येते तेव्हा मेस बंद असेल तर खोलीत शेंगदाण्याचे लाडू, चणे, दूध, केळी असं काहीतरी पाहिजेच. दर आठवड्याला एकाच वजनकाट्यावर वजन करून वहीत लिही. चार किलो कमी झालंय असं तू कंसात, सहज म्हणून लिहिलंयस, ती सहज गोष्ट नाही, डॉक्टरांना फोन करून आत्ताच सांग. नाडी आणि बीपीही बघायला सांग, आणि घरात कुणाला कमी वयात हृदयाचा त्रास झाला असेल तर तेही सांग. छातीत धडधड वाढली, चक्कर आली, छातीत दुखलं तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही. अभ्यासाला बसताना दोन-दोन कप कॉफी घेतेस ती आधी कमी कर, गोळी आणि कॉफी दोन्ही मिळून धडधड वाढवतात.

झोपेबद्दल मला तुझ्यावर थोडं रागवायचंय. रात्री जास्त अभ्यास व्हावा म्हणून कधीकधी बाराची गोळी पाच वाजता घेतेस, मग एक-दोनपर्यंत डोळा लागत नाही, मग सकाळची गोळी उशिरा, असं ते चक्र सुरू झालंय. गोळीची वेळ आणि डोस मी ठरवत नाही, तूही ठरवायचा नाहीस, डॉक्टरच ठरवतील. जास्त वेळ चालणारी, दिवसातून एकदाच घ्यायची गोळीपण मिळते, ती तुला चालेल का हे त्यांना विचार. अजून एक, आईशी रोज संध्याकाळी फोनवर भांडण होतं असं लिहिलंयस ना, फोन किती वाजता असतो? साडेचार-पाच. बाराची गोळी बरोबर तेव्हा उतरलेली असते आणि उतरताना बऱ्याच जणांची चिडचिड होते, रडू येतं. आईला सांग की फोन साडेसातला कर, खाऊन झाल्यावर. भांडणं निम्मी कमी होतील असं मला वाटतं.

हाच हिशोब आता परीक्षेच्या दिवसाला लाव. नीट दुपारी २ ते ५ असते, १८० मिनिटं, १८० प्रश्न, आणि दीड वाजता गेट बंद. तू रोजच्यासारखी बाराला गोळी घेतलीस तर चारच्या सुमारास ती उतरायला लागणार, म्हणजे शेवटचा तास, जो थकव्याचा आणि ओएमआरमध्ये, म्हणजे गोळे भरायच्या उत्तरपत्रिकेत, चुका होण्याचा असतो, तो तू गोळीशिवाय काढणार. हे आत्ताच डॉक्टरांपुढे मांड आणि त्या दिवसाची वेळ त्यांच्याकडून ठरवून घे. मग निदान सहा-सात मॉक टेस्ट बरोबर २ ते ५ मध्ये, त्याच वेळेला गोळी घेऊन, तेच जेवण जेवून दे. परीक्षेच्या दिवशी काहीही नवीन करायचं नाही. आणि गोळे शेवटी एकदम भरायची सवय सोड, एक पान सोडवलं की लगेच त्या पानाचे गोळे भर, तुझे मॉकमधले बरेचसे मायनस गोळा एक ओळ खाली सरकल्यामुळे गेलेत, तूच लिहिलंयस.

रूममेटला एकही गोळी द्यायची नाही, मैत्री तुटली तरी चालेल. चार मेडिकल फिरलीस आणि कुणी गोळी दिली नाही याचं तुला वाईट वाटलं, पण त्यांनी तुला संशयाने हाकललं नव्हतं. हे औषध शेड्यूल एक्समध्ये, म्हणजे कडक नियंत्रणातल्या औषधांच्या सरकारी यादीत, येतं, ते ठेवायला दुकानाला वेगळं लायसन्स लागतं, डॉक्टरांना चिठ्ठी दोन प्रतींत लिहावी लागते आणि एक प्रत दुकानदार दोन वर्षं जपून ठेवतो. शिवाय ते एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याखालीही येतं, त्यामुळे "एकच तर दिली" हे कायद्याला पटणारं नाही, आणि तिच्या हृदयाची, मनाची तपासणी कुणी केलेली नाही. तिला खरंच लक्ष लागत नसेल तर तिला तुझ्या डॉक्टरांचं नाव दे, नाहीतर टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर दे, फुकट आहे, मराठीतही बोलतात. तू मात्र गोळ्या संपायच्या दहा दिवस आधीच सोय कर, कुठल्या दुकानात मिळते ते डॉक्टरांच्या क्लिनिकमध्येच विचार, आणि पाकीट कुलपात ठेव.

करिअरचं विचारलंयस, एडीएचडी आहे म्हणून नीट सोडू का. त्या एका कारणासाठी नको. मेडिकलला साडेचार वर्षं आणि वर एक वर्ष इंटर्नशिप, पाठांतर भरपूर, ते तुला जड जाईल हे खरं, पण तू लिहिलंयस की आजोबा दवाखान्यात होते तेव्हा दहा दिवस तू एकही औषध चुकू दिलं नाहीस, तेव्हा गोळीही नव्हती. माणूस समोर असला की तुझं लक्ष हलत नाही, ही फार मोठी खूण आहे. म्हणून नीटबरोबर बीएससी नर्सिंगची सीईटी पण दे, आणि फिजिओथेरपी नीटवरूनच मिळते, तीही यादीत ठेव. परीक्षेत जास्त वेळ मिळण्याबद्दल म्हणशील तर २०१६ च्या दिव्यांग कायद्यातल्या २१ प्रकारांत एडीएचडी वेगळं नाव घेऊन नाहीये, लर्निंग डिसॅबिलिटी आहे. वाचताना अक्षरं उलटी होणं, स्पेलिंग कायम चुकणं असं काही असेल तरच तपासणी करून घे, नाहीतर त्यामागे वेळ घालवू नकोस.

राहिले बाबा. त्यांना भीती वाटतेय की पोरीला नशेची सवय लागेल, आणि इंटरनेटवर "ड्रग" शब्द वाचल्यावर कुठल्याही बापाला वाटेल. हे औषध १९४४ मध्ये पहिल्यांदा तयार झालं, १९५० च्या दशकापासून वापरात आहे, डॉक्टरांच्या देखरेखीखाली ठरलेल्या डोसमध्ये तोंडाने घेतलं तर सवय लागायचा धोका कमी असतो. पण हे मी किंवा तू सांगून त्यांना पटणार नाही. आईने त्यांच्यापासून लपवून गोळ्या आणणं आता थांबवा, पुढच्या अपॉइंटमेंटला बाबांना बरोबर ने, त्यांचे सगळे प्रश्न त्यांनाच विचारू दे, तू मधे बोलू नकोस. जायच्या आधी वजनाची वही दप्तरात टाक, आणि डॉक्टरांनी परीक्षेच्या दिवसाची वेळ काय ठरवली ते मला लिहून कळव.