नव्या पटाशीला आधी धार लावा

दुकानातून आणलेली पटाशी थेट लाकडाला लावू नका. तिची धार कच्चीच असते. सुरुवात पाठीपासून, म्हणजे सपाट बाजूपासून करा. टोकाकडची 20-25 मिमी पाठ 1000 नंबरच्या धारेच्या दगडावर सपाट घासा (नंबर मोठा तितका दगड बारीक). पाठ उंचसखल राहिली तर पुढची सगळी मेहनत फुकट.

मग तिरकी बाजू. कोन मोजायला कोनमापक नको: उताराची लांबी पात्याच्या जाडीच्या दुप्पट असली की 30 अंश झाले. सागवानाला, घरच्या कामाला हाच ठेवा. 1000 वर घासताना पाठीवर बोट आडवं फिरवून पाहा. पूर्ण रुंदीभर बारीक खरखर लागली की थांबा आणि मग 4000 च्या दगडावर या. ती लागण्याआधीच 4000 वर उडी मारली तर धार येत नाही; बहुतेकांचं इथेच चुकतं. शेवटी पाठ सपाट टेकवून दोन-तीन हात मारा, खरखर निघून जाते.

दगड मधोमध झिजला तर धार गोलसर येते. काचेवर 220 चा वॉटर पेपर ठेवून दगड सपाट करा. ग्राइंडर शक्यतो टाळाच. तापून पातं निळं पडलं की त्या जागेचं पाणी उतरलं, म्हणजे पोलादाचा कडकपणा गेला; तेवढा भाग घासून काढावा लागतो.

पावसाळ्यात पात्याला तेलाचा हात हवाच.