‘अनुकूलन’ की ‘सरावणे’?

प्रश्न असा आहे: नाशिकहून लेहला कामाला जाणाऱ्या वेल्डर-फिटरांसाठी मराठी सूचनापत्रक करायचे आहे. त्यात ‘अ‍ॅक्लिमेटायझेशन’ला (म्हणजे उंचावरच्या हवेची शरीराला हळूहळू सवय होण्याला) ‘अनुकूलन’ म्हणावे का?

म्हणू नये. आपल्या जीवशास्त्राच्या पुस्तकांत ‘अनुकूलन’ म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या मुरलेला बदल. तिबेटी लोकांतला ईपीएएस1 जनुकाचा फरक हे त्याचे उदाहरण. त्यामुळे एवढ्या उंचीवर राहूनही त्यांचे हिमोग्लोबिन फारसे चढत नाही. नाशिकच्या फिटरचे चढते आणि खाली आल्यावर उतरते. हे शरीराचे ‘सरावणे’. ‘हवा मानवणे’ कानाला गोड, पण त्यात मानवली किंवा नाही असा निकाल लागतो. दिवस लागतात हे कळत नाही.

आणि दिवस लागतातच. नाशिक सुमारे 600 मीटरवर, लेह 3500 वर. पोचताच श्वास आणि नाडी वाढते. जास्त श्वासाने कार्बन डायऑक्साइड निघून जातो, रक्त अल्कधर्मी होते आणि श्वासाला लगाम बसतो. मूत्रपिंडे बायकार्बोनेट (रक्तातला अल्कधर्मी घटक) लघवीतून टाकतात, तेव्हा तो सुटतो. त्याला काही दिवस जातात. तांबड्या पेशी वाढायला तर आठवडे. म्हणून विमानाने उतरल्यावर पहिले दोन दिवस जड काम नाही, आणि 3000 मीटरच्या वर झोपायची जागा एका दिवसात 500 मीटरपेक्षा जास्त चढवायची नाही.

पत्रकाच्या मसुद्यातले ‘तिथे हवेत ऑक्सिजनचे प्रमाण कमी असते’ हे वाक्यही बदला. प्रमाण सगळीकडे 21 टक्केच. दाब कमी, लेहला समुद्रसपाटीच्या जेमतेम दोन तृतीयांश. ‘विरळ हवा’ हा जुना शब्द अगदी नेमका आहे. (साल्हेर किल्ल्यावर छाती भरते ती चढाने. 1567 मीटरवर हवेला दोष देऊ नये.)

सर्वांत धोक्याचे वाक्य मात्र ‘दम लागल्यास कळवा’. तिथे जिना चढताना सगळ्यांनाच दम लागतो, कोण कळवणार? ‘बसल्या जागी दम लागला, खोकल्यातून गुलाबी फेस आला’ असे लिहा; ते फुप्फुसांत पाणी साचल्याचे लक्षण. ‘चक्कर’ऐवजी ‘टाचेला बोटे लावत सरळ रेषेत चालताना तोल जातो’ असे लिहा; ती मेंदूला सूज. दोन्हींत ऑक्सिजन लावून त्याच रात्री खाली उतरवायचे, सकाळची वाट पाहायची नाही.