बेचिराख गावाला नंबर, चाळीस उंबऱ्यांच्या वाडीला नाही

प्रश्न असा आलाय की आमची वाडी चाळीस उंबऱ्यांची, पण जनगणनेच्या यादीत तिची लोकसंख्याच सापडत नाही, मग वाडी म्हणजे गाव नाही का, आणि वाडी, वस्ती, पाडा यात फरक काय?

फरक सगळ्यांना माहितीय. पालघरकडे पाडा, बंजाऱ्यांचा तांडा, देशावर शेतातली ती वस्ती. वाडी मूळची वाटिका, म्हणजे कुंपणातली बाग, म्हणून कोकणात नारळाचीही वाडीच असते. झालं.

खरी गंमत पुढे आहे. जनगणना मोजते ते महसुली गाव, म्हणजे हद्द ठरलेली जमीन, आणि त्या हद्दीत माणूस असायलाच हवा असं काही नाही! २०११ च्या जनगणनेत देशातल्या साधारण ६ लाख ४० हजार गावांपैकी ४० हजारांहून जास्त निर्जन होती. अशा गावाला महसूलवाले म्हणतात बेचिराख गाव, आणि इथे माझं डोकं फिरतं, कारण वणवा लागला की टीव्हीवाले लगेच 'जंगल बेचिराख, जळून राख'. अहो, राखेचा काय संबंध? 'बे' म्हणजे विना, बेघर, बेकारमधला. राखच धरायची तर अर्थ होईल राखेशिवाय, आणि मधला 'चि' कुठे ठेवणार? शब्द फारसी आहे, बे-चिराग, दिवा नसलेलं. संध्याकाळी एकाही घरात दिवा लागत नाही ते गाव बेचिराख. आपणही म्हणतोच ना, घरात दिवा लावायला कुणी उरलं नाही. राखेने कानात गोंधळ घातला आणि ग चा ख झाला असं माझं मत.

विदर्भात अशाच गावाच्या नावापुढे रीठ किंवा रिठी लावतात. एक विद्वान मला ठासून सांगत होते की हे 'रिता'वरून. रिक्तचं रित्त होतं, रिता होतं, त्यात ठ कुठून येणार? माझा अंदाज संस्कृत रिष्ट, म्हणजे नाश पावलेलं. ष्ट चा ठ होतोच, मुष्टीची मूठ झाली, अष्टचे आठ झाले तसंच. पुरावा मागू नका, पण ध्वनीचे नियम माझ्या बाजूने आहेत.

हां, तुमची वाडी. ज्या महसुली गावाच्या हद्दीत ती येते त्याचा आकडा बघा, त्यातच तुम्ही सगळे मोजले गेलायत.