खारट सॅम्पल आणि कमी येणारं रीडिंग

प्रश्न: मिठाच्या पाण्यातलं कॅडमियम आयसीपीवर (तापलेल्या प्लाझ्मात सॅम्पल सोडून निघणाऱ्या प्रकाशावरून धातू मोजणारं मशीन) बघतोय. स्टँडर्ड (प्रमाण माहीत असलेली द्रावणं) झकास येतात, पण सॅम्पलमध्ये स्पाइक टाकला, म्हणजे मोजून कॅडमियम घातलं, की रिकव्हरी (घातलेल्यापैकी मशीनला सापडलेलं) ८० टक्क्यांच्या वर जातच नाही. मशीन बिघडलंय का?

उत्तर: मशीनला कशाला बोल लावताय! स्टँडर्ड बनवलेत साध्या पातळ ॲसिडमध्ये आणि सॅम्पल खारट, मग जुळणार कसं? खारट पाणी घट्ट, त्यामुळे नेब्युलायझरमधून (सॅम्पलचे तुषार करणारा भाग) बारीक थेंब कमी जातात, शिवाय सोडियम प्लाझ्मात इतकी इलेक्ट्रॉन सोडतं की बाकीच्यांचं आयनीकरणाचं गणितच हलतं, हा त्रास ॲक्सियल व्ह्यूमध्ये (प्लाझ्माकडे त्याच्या लांबीच्या दिशेने बघताना) जास्त जाणवतो. टॉर्चकडे (प्लाझ्मा पेटतो त्या नळीकडे) बघा जरा, ज्योत पिवळीधमक दिसेल आणि इंजेक्टरच्या (सॅम्पल आत सोडणाऱ्या नळीच्या) टोकाला मिठाची पांढरी खपली, तिच्यामुळे सिग्नल हळूहळू घसरतो तो वेगळाच.

आधी सॅम्पल १० पट पातळ करून बघा, कॅडमियम डिटेक्शन लिमिटच्या (मशीनला ओळखता येणाऱ्या किमान प्रमाणाच्या) खाली जात नसेल तर निम्मं दुखणं तिथेच संपतं. नाहीतर स्टँडर्डमध्ये तेवढंच मीठ घाला (शुद्ध हं, त्यातच कॅडमियम असलं तर झालं कल्याण), किंवा यिट्रियमचा इंटर्नल स्टँडर्ड (सगळ्यांत सारखाच घालून तुलनेला धरायचा धातू) लावा, फक्त तो सगळ्या लाइन्सना (मोजायच्या तरंगलांबींना) सारखा लागू पडेल असं धरून चालू नका. आरएफ पॉवर (प्लाझ्माला दिलेली रेडिओ लहरींची ऊर्जा) वाढवून नेब्युलायझर गॅस कमी केला तरी प्लाझ्मा बराच दणकट होतो.

आणि हो, २२८.८०२ नॅनोमीटरची लाइन वापरत असाल तर आर्सेनिकची २२८.८१२ अगदी खेटून आहे, ती भानगड स्टँडर्ड ॲडिशननेही (सॅम्पलमध्येच वाढत्या मात्रेत कॅडमियम घालून मोजण्यानेही) सुटत नाही, तिथे सरळ २१४.४३९ घ्या.