जुन्या घरच्या कॉम्प्युटरवर वॉरगेम खेळायचे आहेत; आधी ग्राफिक्स कार्ड घेऊ की रॅम वाढवू?

आधी रॅम १६ जीबी करा आणि हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवा. ग्राफिक्स कार्डाचं नंतर बघू. षट्कोनी नकाशावरच्या, आळीपाळीने चाली खेळायच्या गेममध्ये ग्राफिक्स कार्ड बहुतेक वेळ निवांतच असतं. शत्रूची चाल प्रोसेसर ठरवतो, तीही बऱ्याचदा एकाच कोअरवर (प्रोसेसरमधल्या अनेक गणन-भागांपैकी एकावर). शत्रूची पाळी चालू असताना विंडोजमधला टास्क मॅनेजर उघडून कोअरनिहाय आलेख बघा: एक कोअर शंभर टक्क्यांना टेकलेला आणि बाकीचे सुस्त दिसले, तर अडथळा तिथेच आहे. मग एसएसडीने गेम लवकर उघडेल, पण ती चाल काही लवकर संपायची नाही. ३२-बिट विंडोज असेल तर आधी ६४-बिट टाका, नाहीतर ४ जीबीच्या वरची रॅम वाया जाईल. हजारो सैनिकांच्या थ्रीडी लढाया खेळणार असाल, तर मात्र कार्ड लागेलच. आणि त्याआधी पॉवर सप्लायवरचे वॅट वाचा, म्हणजे तो कार्डाला पुरेल का ते कळेल.